सहा अंक वाचले, अजून काहीच घडलं नाही

पत्र:

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावीत. दहावीच्या बक्षिसाचे पैसे साठवून त्याने ‘इन्व्हिन्सिबल’ या अमेरिकन कॉमिक्सचा पहिला जाडजूड खंड घेतला. “मी जे वाचतो ते तू एकदा तरी वाच,” असं म्हणून तो फारच मागे लागला, म्हणून हातात घेतला. आम्ही लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचायचो. तिथे बहुतेक वेळा एका बैठकीत गोष्ट संपायची. इथे सहा अंक झाले तरी काही घडत नाही. मुलगा शाळेत जातो, उडायला शिकतो, घरी येऊन जेवतो. मी तसं बोलून दाखवलं तर चिरंजीव म्हणतात, “सगळे सत्तेचाळीस अंक वाच, मग बोल.” सहज पुढची पानं चाळली तर त्या मुलाचा बाप रक्ताने माखलेला दिसला आणि मी दचकलेच. माझ्यातच वाचायचा धीर उरलेला नाही की पुस्तकच रेंगाळतंय? आणि त्याला आता दुसरा-तिसरा खंडही हवा आहे. तो घेऊन द्यावा का? पुढचं कथानक सांगितलंत तरी चालेल. मला आधी कळलेलं आवडतं.

– एक आई, नाशिक

उत्तर:

प्रिय ताई,

आधी एवढंच करा, आज सातवा अंक वाचा. अजून एक अंक थांबला असतात तर बहुधा हे पत्र वेगळं लिहिलं असतंत.

तुमची तक्रार मात्र खरी आहे. पहिले सहा अंक संथ आहेत, आणि लेखक रॉबर्ट कर्कमनने ते जाणूनबुजून संथ ठेवले आहेत. या संथपणातला बराचसा पुढे कामी येतो, काही निव्वळ सैल आहे. दोन्ही वेगवेगळे करून सांगते. मुलाशी बोलताना तुम्हाला त्याचाच उपयोग होईल, कारण त्याच्या प्रेमात तथ्य आहे आणि तुमच्या कंटाळ्यातही आहे.

‘इन्व्हिन्सिबल’ २००३च्या जानेवारीत सुरू झालं आणि २०१८च्या फेब्रुवारीत १४४व्या अंकाला संपलं. पंधरा वर्षं, आणि लेखक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच. पहिल्या सात अंकांची चित्रं सहनिर्माता कोरी वॉकरची. आठव्यापासून रायन ओटली आला आणि मालिकेचा फार मोठा भाग त्याच्या हातचा आहे. ही माहिती मी उगाच देत नाही. सुपरमॅन १९३८चा, स्पायडरमॅन १९६२चा. दोघेही कंपनीच्या मालकीचे, त्यामुळे लेखक येतात-जातात आणि नायक आहे त्याच वयात राहतो. त्याचं लग्न मोडता येतं, मरणसुद्धा मागे घेता येतं, कारण गोष्ट कधी संपवायचीच नसते. ‘इन्व्हिन्सिबल’ छापणारी इमेज कॉमिक्स ही संस्था १९९२मध्ये चित्रकारांनीच काढली, आणि तिथे पात्रांचे हक्क निर्मात्यांकडे राहतात. म्हणून इथे मूल जन्मलं की ते मोठं होतं, मेलेला माणूस (सगळेच नाहीत, पण महत्त्वाचे) मेलेलाच राहतो, आणि पाचव्या अंकात पेरलेलं सत्तराव्या अंकात उगवतं. सावकाश बांधलेली गोष्ट अशाच जमिनीत टिकते. बांधलेलं दुसरा कुणी येऊन पाडणार नाही, ही खात्री लेखकाला हवी आणि वाचकालाही.

आता तुमचे सहा अंक आठवा. मार्क ग्रेसन बर्गरच्या दुकानात काम करतो. कचऱ्याची पिशवी फेकायला जातो तर ती आभाळात नाहीशी होते, आणि त्याला कळतं की आपल्यात बाबांसारखी शक्ती आली. बाबा म्हणजे ओम्नी-मॅन, पृथ्वीवरचा सर्वांत बलवान वीर. घरी मात्र तो नोलन आहे, पुस्तकं लिहिणारा, मिशीवाला, जेवायला वेळेवर यायचा प्रयत्न करणारा माणूस. आई डेबी या सगळ्याला इतकी सरावली आहे की नवरा परग्रहवाल्यांशी लढायला गेला तरी ताटं मांडायची थांबत नाही. शिंप्याकडे पोशाख शिवायला टाकणं, उडताना तोल सावरणं, वर्गातल्या मुलीशी बोलताना अडखळणं. तुम्ही म्हणता तसं, काही घडत नाही. घर मात्र उभं राहतं. जेवणाच्या टेबलाशी कोण कुठे बसतं, कोण कुणाला कसं चिडवतं, हे सहा अंकांत आपल्या अंगवळणी पडतं, आणि आपण त्याची दखल घेणं सोडून देतो. लेखकाला तेच हवं असतं.

सातव्या अंकात नोलन पृथ्वीच्या रक्षकांना, म्हणजे ‘गार्डियन्स ऑफ द ग्लोब’ला, एकत्र बोलावतो आणि एकेकाला ठार मारतो. तुम्ही चाळताना पाहिलेलं रक्त बहुधा तेच. कुणाच्या ताब्यात गेलेला नाही, वेड लागलेलं नाही. स्वतःच्या इच्छेने.

इथे कर्कमनचं कसब बघा. या रक्षकांची ओळख करून द्यायला तो सहा अंक घालवत नाही. वटवाघळासारखा रात्री फिरणारा एक, वाऱ्याच्या वेगाने धावणारा एक, प्राचीन योद्ध्यांच्या वळणाची एक स्त्री... वाचक त्यांना दुसऱ्या कंपनीच्या वीरांवरून आधीच ओळखतो. ही ओळख तो उसनी घेतो, एकेकाला पान-दोन पानांचं खाजगी आयुष्य देतो, आणि लगेच मारतो. वेळ त्याने खर्च केला तो घरावर. कशाला किती पानं द्यायची याची ही जाण मला या मालिकेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. सावकाश सांगणाऱ्याला कुठे सावकाश जायचं आणि कुठे भरभर, हे कळावं लागतं. नाहीतर ती नुसती लांबण होते.

आणि मग येतात आठ ते दहा हे अंक. माझ्या मते पहिल्या वर्षाचा गाभा हाच. आता आपल्याला माहीत आहे, मार्कला नाही, डेबीला नाही. तेच जेवणाचं टेबल, तसेच विनोद, बाप मुलाच्या पाठीवर तसाच हात ठेवतो. सहाव्या अंकापर्यंत जे कंटाळवाणं वाटत होतं, तेच आता बघवत नाही. पहिले सहा अंक भराभर उरकले असते, तर या पानांना धारच आली नसती. प्राइम व्हिडिओवर २०२१मध्ये जी ॲनिमेशन मालिका आली, तिने हे हत्याकांड पहिल्याच भागाच्या शेवटी आणलं. पडद्याला ते करणं भाग होतं, प्रेक्षक सहा भाग थांबला नसता. ती मालिका चांगली आहे, पण ‘मी या घरात रमलो होतो आणि मला काहीच दिसलं नाही’ ही चुटपुट फक्त छापील अंकांत मिळते. तुम्ही पुढची पानं चाळलीत, त्यामुळे धक्का थोडा बोथट झाला असेल. हरकत नाही. तुम्हाला आधी कळलेलं आवडतं, आणि हे तीन अंक तर आधी कळलेल्या माणसासाठीच लिहिले आहेत.

अकराव्या अंकात नोलन मुलाला सत्य सांगतो. व्हिल्ट्रम नावाच्या साम्राज्याने त्याला पृथ्वी जिंकायला पाठवलं आहे. तुझ्या आईवर माझं प्रेम आहे, पण पाळीव प्राण्यावर असतं तसं, असंही तो बोलून जातो. बाराव्यात बाप लेकाला अर्धमेला होईपर्यंत मारतो, आणि तरीही मुलगा त्याला ‘बाबा’ म्हणतो तेव्हा त्याचा हात थांबतो. तो रडत पृथ्वी सोडून जातो. मारामाऱ्यांची कॉमिक्स मी पुष्कळ वाचली आहेत. एका शब्दाने मारणारा थांबला आणि ते मला पटलं, असं फार थोड्या ठिकाणी झालं आहे. पटलं, कारण तो शब्द आपण आधीच्या अंकांत कितीतरी वेळा साध्या, बिनमहत्त्वाच्या प्रसंगांत ऐकलेला असतो.

तुम्ही आई आहात म्हणून डेबीबद्दल जरा जास्त सांगते. नवरा निघून गेल्यावर मालिका तिला विसरत नाही. ती पिऊ लागते. वीस वर्षांचा संसार खोटा होता की थोडासा तरी खरा, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं आणि लेखकही चटकन देत नाही. पुढे पंचविसाव्या अंकाच्या आसपास मार्कला कळतं की बाप दुसऱ्या एका ग्रहावर राजा झाला आहे, तिथल्या बाईपासून त्याला मूलही झालं आहे. त्या ग्रहावरची माणसं फार थोडं जगतात. मार्क ते बाळ, आपला सावत्र भाऊ, घरी घेऊन येतो. आणि डेबी त्याला वाढवते. कुठेही भाषण नाही, त्यागाची आरती नाही. बाळाला भूक लागते, ते अवाजवी वेगाने वाढतं, आणि ही बाई उठून त्याचं करते. ऑलिव्हर त्याचं नाव. तुमचा मुलगा पहिल्या खंडातला हा भाग कसा वाचतो, हे मी तुमच्या जागी असते तर जरूर जाणून घेतलं असतं.

पेरणीचं आणखी एक उदाहरण तुम्ही वाचलेल्या पानांतच आहे. पाचव्या अंकात ॲलन नावाचा एकडोळ्या परग्रहवासी येतो. ग्रहाची ताकद तपासायला आलेला असतो आणि पत्ता चुकलेला असतो. मार्क त्याच्याशी लढायचं सोडून बोलत बसतो. तुम्हाला ते भरताड वाटलं असेल. तोच ॲलन पुढे व्हिल्ट्रमच्या विरोधातल्या ग्रहांच्या आघाडीचा कणा होतो, आणि एकाहत्तर ते अठ्ठ्याहत्तर या अंकांतलं महायुद्ध त्या गप्पांवर उभं राहतं. तसाच तो रोबोट. तरुण वीरांच्या गटाचा मवाळ, हिशेबी म्होरक्या. त्याच्यावर नजर ठेवा.

आता दुसरी बाजू. मुलाशी वाद घालायचा असेल तर इथे तुमचं पारडं जड आहे.

सुरुवातीच्या अंकांत खरोखर सैल जागा आहेत. दोन माणसं समोरासमोर उभी, चार चौकटींत जवळजवळ तेच चित्र, फक्त संवादांचे फुगे बदलतात. वॉकरची रेषा स्वच्छ, रंग उजळ, पण अशी पानं नुसती सरकतात. त्याहून मला खटकतो तो विद्यार्थ्यांच्या शरीरात बॉम्ब बसवणाऱ्या शिक्षकाचा प्रसंग. शाळेतली मुलं मरतात आणि शाळा दोन पानांत पूर्ववत होते. घराला इतका वेळ देणारा लेखक त्या मुलांच्या घरांना काहीच देत नाही. कंटाळा आला तेव्हा तुम्हाला कदाचित हेच जाणवलं असेल, की जिथे थांबायला हवं होतं तिथे तो थांबला नाही.

दुसरं म्हणजे हिंसा. सातव्या-बाराव्या अंकांतलं रक्त अंगावर येतं, कारण ते दुर्मीळ आहे. पुढे ते नित्याचं होतं. साठाव्या अंकात अँगस्ट्रॉम लेव्ही हा खलनायक इतर विश्वांतले सोळा दुष्ट मार्क पृथ्वीवर सोडतो. शहरांमागून शहरं उद्ध्वस्त होतात, आणि हे सगळं एकाच अंकात आटोपतं. इतक्या सावकाश मालिकेने एवढी मोठी घटना अशी धावत का उरकावी, हे मला कधीच पटलं नाही. लगोलग येतो कॉन्क्वेस्ट, व्हिल्ट्रमचा म्हातारा सेनानी. त्याच्याशी झालेली झुंज मात्र काही अंक चालते आणि तिथे ओटलीची चित्रं थरारून टाकतात. एकेका जखमेचं वजन कळतं आणि मार्क त्यातून पूर्वीचा राहून बाहेर येत नाही. शेजारी-शेजारी ठेवलेल्या या दोन लढाया वाचल्या की या मालिकेचं बलस्थान आणि कमतरता एका दमात दिसतात. पण कॉन्क्वेस्टनंतरही फाटलेली शरीरं येतच राहतात, आणि शंभराव्या अंकाकडे पोचेपर्यंत मला मोडक्या शहराकडे बघून काही वाटेनासं झालं होतं. वाचकाचं असं होणं हे लेखकाचं नुकसान आहे.

तिसरं, बायका. डेबीबद्दल मी एवढं चांगलं बोलले, पण पहिल्या वर्षात ती पुष्कळदा नुसती ताट वाढणारी आहे. सत्य तिला सगळ्यांच्या शेवटी कळतं. ॲनिमेशनने ही उणीव ओळखून तिला स्वतः शोध घ्यायला लावला, तिला संशय दिला, राग दिला. त्या बाबतीत पडद्यावरची डेबी मला छापील डेबीपेक्षा उजवी वाटते. ईव्ह ही पदार्थाचं रूप बदलू शकणारी मुलगी. तिच्या शक्तीपुढे मार्क काहीच नाही, तरी बरेच अंक तिचं काम मार्कची वाट पाहणं एवढंच. मध्ये ती लोकांना मदत करायला आफ्रिकेत जाते, आणि आफ्रिका म्हणजे नुसतं एक गरजू पार्श्वचित्र होऊन राहते. चांगल्या कल्पनेचं हे आळशी चित्रण आहे.

शेवटाबद्दल थोडक्यात. तोवर बहुतेक अंकांत एकेक दिवस जगवणारी मालिका अखेरच्या अंकात वर्षांमागून वर्षं, शतकं ओलांडत जाते. शेवट गोड आहे, मार्कला शोभणाराही आहे. पण बाप-लेकाच्या एका संध्याकाळी रमलेल्या वाचकाला तिथे पात्रांच्या उरलेल्या आयुष्याचा गोषवारा मिळतो. काहींना तो फार आवडतो. मला घाई वाटली.

आता तुमचे प्रश्न. धीर तुमच्यात भरपूर आहे, सहा अंक वाचलेत की. २००३मध्ये ही गोष्ट महिन्याला बावीसेक पानं अशी हाती येत होती, आणि पुढे काय वाढून ठेवलं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. तुमच्या हाती एकदम सत्तेचाळीस अंकांचा ठोकळा पडला आणि वर ‘पुढे खूप भारी आहे’ हे ओझंही. अशा वेळी प्रत्येक साधं पान अडथळा वाटतं. ‘सगळे सत्तेचाळीस वाच, मग बोल’ ही अट मला मान्य नाही. कोणत्याही पुस्तकाला तेवढी उधारी देऊ नये. तेराव्या अंकापर्यंत वाचा. बारावा मारामारीचा, तेरावा त्यानंतर घरात उरलेल्या शांततेचा. तिथे तुम्हाला या माणसांचं पुढे काय होतं याची ओढ वाटली नाही, तर निश्चिंत मनाने पुस्तक मिटा आणि मुलाला तसं स्पष्ट सांगा. तेरा अंक वाचून दिलेल्या मताला त्यालाही मान द्यावाच लागेल.

पण त्याने तुम्हाला हे का वाचायला सांगितलं, तेही मनात असू द्या. सोळाव्या वर्षी मुलं आईला सहसा हे दाखवत नाहीत. गोष्ट बापासारखं व्हायची इच्छा असलेल्या आणि मग बाप कोण आहे ते कळलेल्या मुलाची आहे. त्यामागे घरातलं काही शोधायला जाऊ नका, बहुधा त्याला ती फक्त आवडली असेल. मात्र बोलायला जागा आहे. ‘हे इतकं रक्त कशाला?’ असं विचारलंत तर तो बचावाला उभा राहील आणि विषय संपेल. त्याऐवजी विचारा, डेबीने ऑलिव्हरला ठेवून घेतलं ते तुला पटलं का? पुढच्या खंडांत नोलन बदलतो, पश्चात्ताप करतो, आणि डेबी त्याला पुन्हा जवळ करते. ज्याने हजारो माणसं मारली त्याला माफी असावी का, आणि ती द्यायचा हक्क कुणाचा? लेखक यावर बराच वेळ घेतो, आणि माझ्या मते मेलेल्यांच्या नातेवाइकांना पुरेसं बोलू देत नाही. तुमच्या मुलाचं मत वेगळं असू शकेल.

दुसरा खंड, ४८ ते ९६, घेऊन द्यायला माझी हरकत नाही. पहिल्यातलं बाराव्या अंकाचं रक्त त्याने पचवलं असेल तर दुसऱ्यात जात वेगळी नाही, प्रमाण जास्त आहे. तिसऱ्याबाबत थांबा. त्यात ९७ ते १४४ अंक आहेत आणि ११०व्या अंकात ॲनिसा ही व्हिल्ट्रमची स्त्री मार्कवर बलात्कार करते. पुरुषावरचा बलात्कार कॉमिक्समध्ये हसण्यावारी न नेता दाखवला, याचं मला मोल आहे. पण त्याचा परिणाम मार्क बराच काळ एकटाच वाहतो, आणि पुढे ॲनिसाला जी सहानुभूती मिळते ती अनेक वाचकांना बोचली, मलाही. तो अंक मुलाच्या हाती जायच्या आधी तुम्ही वाचा. नंतर त्याला सांगा की यात हे आहे, मी वाचलं आहे, तुला कधीही बोलावंसं वाटलं तर मी आहे. एवढ्यासाठी तुम्ही मधले सगळे अंक वाचलेच पाहिजेत असं नाही.

आयात केलेले हे खंड प्रत्येकी काही हजारांच्या घरात जातात, त्यामुळे दोन्ही एकदम घेऊ नका. दुसरा त्याच्या वाढदिवसाला द्या, तिसरा बारावीनंतर. आणि मागवण्याआधी खंडावरचे अंक तपासा. याच मालिकेचे पातळ, चार-सहा अंकांचे भागही मिळतात, आणि मुखपृष्ठ पाहून नेहमी गोंधळ होतो.